रानडुकरासाठी कोणती गोळी? एका दुनळीचं प्रकरण

काकाजी दिवाळी उलटल्यावर माझ्याकडे आले तेव्हा त्यांच्या पिशवीत पाच काडतुसं होती, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली. नागपूरच्या दुकानातून आणलेली, परवान्यावर रीतसर चढवलेली.

"सर, हे पाहा जी. लय पावरफुल आहे म्हणते दुकानदार. डुक्कर जागच्या जागी बसते."

वरोऱ्याहून चिमूरकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आत त्यांचं गाव. ताडोबाच्या बफरच्या बाहेर, पण इतकंही बाहेर नाही की वाघाला ते ठाऊक नसावं. नऊ एकर वावर, त्यात कपाशी आणि तूर, कडेनं थोडा हरभरा. एका बाजूला नाला, नाल्यापलीकडे झुडपी जंगल. डुकरांना याहून सोयीची जागा कोणती! दिवसा झुडपात झोपायचं, रात्री नाला ओलांडून वावरात यायचं, नांगरल्यासारखी जमीन उकरून पहाटे परत जायचं.

मी तालुक्याच्या शाळेत भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालो. वडिलांची एक एकनळी आणि तिचा परवाना माझ्याकडे आला, जिल्ह्याच्या ठिकाणी रायफल क्लबात अधूनमधून जातो. तेवढ्यावर लोक मला बंदुकीतला जाणकार समजतात. जाणकार नाही, पण मोजमापाची खोड आहे. पुढचं सगळं त्या खोडीमुळेच लिहिता येतंय.

गोळी मोठी का हवी, याचं कारण गेल्या वर्षीचं होतं. तेव्हाही काकाजींकडे परवानगी होती. रानडुक्कर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत आहे, म्हणजे मन मानेल तेव्हा मारायचा प्राणी नव्हे. उभ्या पिकाचं नुकसान होत असेल तर कलम ११ खाली अधिकृत वन अधिकाऱ्याकडून लेखी परवानगी मिळू शकते. ती त्यांनी अर्ज, सातबारा आणि नुकसानीचे फोटो देऊन मिळवली होती. संध्याकाळी दिवेलागणीला एक एकटा नर तुरीच्या कडेला आला. काकाजींनी धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, उभं राहून एलजीचं, म्हणजे मोठ्या छर्ऱ्यांचं, काडतूस झाडलं. डुक्कर ओरडलं, बसलं, उठलं आणि तुरीत शिरलं. अंधारात मागे जायची कोणाची छाती झाली नाही. ते बरोबरच केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या वावरातला एक माणूस बकऱ्या घेऊन तुरीच्या बाजूनं चालला होता. डुक्कर रात्रभर तिथंच पडून होतं. सुळा मांडीत शिरला, बावीस टाके पडले. माणूस वाचला, अजून लंगडतो. काकाजी त्याच्या घरी धान्य पोचवतात, त्याविषयी बोलत नाहीत.

मी त्यांना आधी जागेवर घेऊन गेलो. "कुठं उभे होते तुम्ही?" त्यांनी धुऱ्यावरचं पळस दाखवलं. "आणि डुक्कर?" तुरीचा कोपरा दाखवला. "किती लांब?" म्हणाले, "तीस पावलं असन." टेप लावला. ४६ मीटर निघालं. दिवेलागणीच्या उजेडात अंतर नेहमी कमी वाटतं, हे त्या दिवशी आम्हा दोघांनाही कळलं.

आता एलजीचं गणित. एका काडतुसात सहा छर्रे, प्रत्येक सुमारे ९ मिलिमीटरचा, वजन साडेचार ग्रॅमच्या आसपास. नळीतून निघताना एकेका छर्ऱ्यात सव्वातीनशे ज्यूलच्या आसपास ऊर्जा असते, पण गोल शिसं हवेत भराभर वेग गमावतं. ४६ मीटरवर छर्ऱ्यामागे दीडशे-पावणेदोनशे ज्यूल उरले असतील. आणि सहाचे सहा अंगावर बसतील तर ना! एवढ्या अंतरावर ते मोठ्या परातीएवढे पसरतात. त्यात मोठ्या नराच्या खांद्यावर कातडीखाली जाड, चिवट थर असतो. नर आपसात सुळ्यांनी भांडतात, त्यासाठीच निसर्गानं दिलेली ती ढाल. त्या डुकराला दोन छर्रे लागले असावेत, एक ढालीत आणि एक पोटात. जखमी व्हायला पुरे, मरायला अपुरे.

म्हणजे काकाजींचा निष्कर्ष अर्धा बरोबर होता. एलजी त्या अंतराला कमी पडली. पण उपाय "जास्त पावरची गोळी" हाच आहे का, ते बंदूक पाहिल्याशिवाय सांगता येत नव्हतं.

बंदूक आधी, गोळी नंतर

काकाजींची दुनळी बेल्जियमची, त्यांच्या वडिलांच्या वेळची. शेजारी-शेजारी नळ्या, दोन घोडे, पुढच्यानं उजवी नळी सुटते, मागच्यानं डावी. दस्त्याला एके ठिकाणी तांब्याची पट्टी मारलेली. नळ्या उतरवल्या, हुकाला टांगल्या आणि बोटाच्या पेरानं टिचकी मारली. घंटेसारखा लांब आवाज आला. म्हणजे दोन नळ्यांना जोडणारं डाख अजून शाबूत आहे. बद्द आवाज आला असता तर मी तिथंच थांबलो असतो.

नळ्यांच्या पोटाशी, लाकडाखाली झाकलेल्या भागात, परीक्षणाच्या खुणा कोरलेल्या असतात. तेल लावून घासल्यावर तिथं स्पष्ट दिसलं: १२–६५. बारा बोर आणि चेंबरची, म्हणजे काडतूस बसतं त्या नळीच्या मागच्या भागाची, लांबी ६५ मिलिमीटर.

बारा बोर म्हणजे काय, हे पुष्कळ परवानाधारकांनाही ठाऊक नसतं. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या तर त्यातली एक ज्या नळीत बसेल ती बारा बोर. व्यास साडेअठरा मिलिमीटरच्या जवळपास. पण गोळी निवडताना या आकड्याइतकाच त्याच्या शेजारचा महत्त्वाचा, चेंबरचा. जुन्या बंदुका ६५च्या, अलीकडच्या ७०च्या, मॅग्नम ७६च्या.

मग काकाजींची पाच काडतुसं हातात घेतली. कडेला छापलेलं होतं ७०. शाळेच्या प्रयोगशाळेतला व्हर्नियर माझ्याकडे आहे (निवृत्तीच्या वेळी शाळेनं भंगारात काढला तेव्हा मी पैसे भरून घेतला). भरलेलं काडतूस मोजलं, ६३.५ मिलिमीटर. ६५च्या चेंबरात आरामात बसतं. काकाजी म्हणाले, "मंग बसते नं जी, काय हरकत आहे?"

खरी गोम तिथंच आहे. काडतुसावर जी लांबी छापतात ती उडाल्यानंतरची, तोंडाची मुडप उलगडल्यावरची. गोळीच्या काडतुसाचं तोंड आत वळवून बंद केलेलं असतं, त्यामुळे न उडालेलं काडतूस पाच-सात मिलिमीटर आखूड दिसतं. ६५च्या चेंबरात ७०चं काडतूस उडालं की त्याचं तोंड उलगडून पुढच्या निमुळत्या भागात शिरतं आणि गोळीची वाट नेमकी निघायच्या क्षणी अरुंद होते. दाब चढतो. प्रत्येक वेळी नळी फुटेल असं नाही. चार वेळा काही होत नाही, म्हणून माणूस निर्धास्त होतो. डावा हात मात्र नळीखालीच असतो.

मी त्यांना माझ्याकडचं ७०चं एक उडालेलं रिकामं काडतूस दिलं आणि चेंबरात घालायला सांगितलं. ते पुरतं बसेना, बूड बाहेर राहिलं. काकाजींनी दोनदा दाबून पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मला पुढं काही सांगावं लागलं नाही.

दुसरं मोजमाप चोकचं, म्हणजे तोंडाशी नळी किती आवळलेली आहे त्याचं. नळी आतून १८.४. उजव्या नळीचं तोंड १८.२, म्हणजे जवळजवळ सरळ. डाव्याचं १७.४, पूर्ण एक मिलिमीटर आवळलेलं. हा फुल चोक. जुन्या दुनळ्यांत ही जोडी नेहमीची: उजवी जवळच्या पाखरासाठी, डावी लांबच्या. गोळीसाठी मात्र या दोन नळ्या म्हणजे दोन वेगळ्या बंदुका.

गोळ्यांचे प्रकार, आणि पुतण्याचा मोबाईल

काकाजींचा पुतण्या नागपूरला असतो. त्यानं मोबाईलवर व्हिडिओ पाठवला होता. प्लॅस्टिकच्या वेष्टणातली बारीक, टोकदार गोळी, शंभर मीटरवर एकाच भोकात तीन. "काकाजी, हीच घ्या." ही सॅबो गोळी. ती छान असते, पण ती आतून आटे पाडलेल्या नळीसाठी. आट्यांमुळे ती फिरते आणि फिरल्यामुळे सरळ जाते. आपल्याकडच्या गुळगुळीत नळीतून ती फिरत नाही, मग वाटेत कोलांट्या खाते. सगळ्यात महाग आणि काकाजींच्या बंदुकीला सगळ्यात निरुपयोगी. तिचा विषय तिथंच संपला.

गुळगुळीत नळीसाठी दोन घराणी आहेत. एक जर्मन, विल्हेल्म ब्रेनेकेनं १८९८ साली काढलेली: भरीव, तोंडाशी सपाट, बाजूला तिरप्या कडा, आणि मागे बूच पक्कं जोडलेलं. ते बूच गोळीबरोबरच उडतं आणि बाणाच्या पिसासारखं तिला सरळ ठेवतं. दुसरी अमेरिकन, कार्ल फॉस्टरची, १९३१ची: मऊ शिशाची, शिंप्याच्या अंगुस्तानासारखी मागून पोकळ. वजन पुढे, पोकळी मागे, म्हणून तोंड पुढे ठेवून जाते. दोन्हींच्या अंगावरच्या तिरप्या रेघांनी गोळी गरगर फिरते अशी समजूत आहे. ती खरी नाही. त्या कडा मुख्यतः चोकमधून जाताना दबायला असतात.

फरक लागल्यावर कळतो. फॉस्टरची गोळी मऊ असल्यामुळे चटकन चपटी होते, कधी जाड हाडावर फुटते. पातळ कातडीच्या हरणाला ती ठीक. (परदेशातल्या हरणाला. आपल्याकडे हरणाकडे नळी वळवली तर पुढचा मुक्काम तुरुंगात.) ब्रेनेके घडणीची कडक गोळी आकार टिकवते आणि खोल जाते. डुकराची ढाल, मग खांद्याचं हाड, मग फुप्फुस, एवढा प्रवास तिच्याकडून होतो. म्हणून डुक्कर आणि अस्वल मारणारे देश तिच्याकडे वळले.

तिसरा प्रकार दुकानदाराच्या फळीवर धूळ खात होता, नळीच्या मापाचा गोल बॉल. हा सरळ नळीतून जातो. फुल चोकमधून भरीव गोल शिसं दाबून काढणं म्हणजे तोंडाशी नळी फुगवून घेणं. अंधारात चुकून डाव्या नळीत भरला गेला तर? तोही बाद.

आता "पावर". नेहमीची २८ ग्रॅमची गोळी नळीच्या तोंडाशी सेकंदाला ४७५ मीटरनं निघते, बत्तीसशे ज्यूल. हा आकडा रायफलीच्या पंक्तीला बसतो, आणि जाहिरातीत एवढाच छापतात. पण गोळी बुटकी आणि जाड. हवा तिला फार अडवते. ४५ मीटरवर वेग ३६०च्या आसपास येतो, ९० मीटरवर २९०. ऊर्जा वेगाच्या वर्गानं घटते, म्हणून ४५ मीटरवर अठराशे ज्यूल, ९०वर बाराशे. पंचेचाळीस मीटरवरच चाळीस टक्क्यांहून जास्त पुंजी खर्च. याचा उलटा अर्थ असा की जवळून मारायचं असेल तर सुरुवातीची चारदोनशे ज्यूलची श्रीमंती फार कामाची नाही. अठराशे ज्यूल डुकराला पुष्कळ होतात, एलजीच्या एका छर्ऱ्याच्या दसपट. प्रश्न ते नेमके कुठं बसतात हा.

इथं काकाजींनी विचारलं, "मंग अस्वल, गवा यायले पन चालन का?" विचारणं साहजिक होतं, मोहफुलाच्या दिवसांत त्यांच्या नाल्यात अस्वल येतं. त्यांना सांगितलं ते असं. अस्वल, गवा, वाघ पहिल्या अनुसूचीत. त्यांच्याविषयीचा निर्णय फक्त मुख्य वन्यजीव रक्षक घेऊ शकतात, आणि तो अमलात आणायचं काम ते नेमतील त्याचं. जीव वाचवताना हातून इजा झाली तर कायदा समजून घेतो, पण "अस्वलासाठी गोळी आणून ठेवली" हे जीव वाचवणं होत नाही. गव्याचं तर वजनच टनाच्या घरात. त्याला बारा बोरची साधी गोळी मी कोणालाच सुचवणार नाही. ब्रिटिश काळातल्या शिकाऱ्यांनाही ही अडचण होती. फॉस्बेरी नावाच्या अधिकाऱ्यानं १८८५ साली नळीच्या फक्त शेवटच्या काही इंचांत आटे पाडायची युक्ती काढली. पॅराडॉक्स म्हणून ती हिंदुस्थानात खूप खपली, छर्राही चालायचा आणि सुमारे ४८ ग्रॅमची जड गोळीही. काकाजींना ही गोष्ट आवडली. "आपल्या बंदुकीत पाडता येतीन का आटे?" नाही, काकाजी.

रेंजवर

दुकानदाराकडे शोधाशोध केल्यावर ६५ची, ब्रेनेके घडणीची, २८ ग्रॅमची काडतुसं मिळाली. वेग मॅग्नमपेक्षा कमी, ४२०च्या आसपास. दुकानदार नाराजीनं म्हणाला, "हलका माल आहे साहेब." परवान्यावरच्या मर्यादेत बसतील तेवढी घेतली, आणि एका रविवारी क्लबच्या रेंजवर परवानगी काढून गेलो. आपल्याच वावरात कोण पाहतंय म्हणून झाडून बघायचा मोह पुष्कळांना होतो. मला तो परवडत नाही.

कागदावर २० सेंटिमीटरचं वर्तुळ काढलं, ताटलीएवढं. डुकराच्या पुढच्या पायामागे हृदय आणि फुप्फुसांची जागा साधारण तेवढीच.

उजवी नळी, २५ मीटर, वाळूच्या पिशवीवर टेकवून: तीन गोळ्या, मूठभर जागेत, किंचित खाली. ४० मीटर: तिन्ही ताटलीत, पण काठाकाठानं. डावी नळी, ४० मीटर: एक ताटलीच्या कडेला, दोन चांगल्या वीतभर उजवीकडे. दुनळीच्या नळ्या थोड्या आत वळवून जोडलेल्या असतात, त्यांचा मेळ छर्ऱ्याच्या काडतुसाशी बसवलेला. गोळीचं वजन, वेग, हिसका सगळंच वेगळं, म्हणून मेळ बिघडतो. वर फुल चोक. एलजीही मारून पाहिली. २५ मीटरवर सहापैकी पाच ताटलीत, ४०वर दोन. गेल्या वर्षीच्या तुरीत काय झालं, ते त्या कागदावर दिसत होतं. काकाजी त्या दोन भोकांवर बोट ठेवून बराच वेळ उभे होते.

मग त्यांनी स्वतः उभं राहून मारलं आणि सगळंच विस्कटलं. पहिली ताटलीत, दुसरी खाली, तिसरी कागदाच्या पायथ्याच्या मातीत. "गोळी खराब निंगाली," म्हणाले. चौथ्या वेळी मी त्यांच्या नकळत चेंबरात रिकामं काडतूस घातलं. त्यांनी नेम धरला, घोडा ओढला. नुसता 'टक' आवाज झाला, आणि नळीचं तोंड चांगलं चार बोटं खाली गेलं. धमाका नाही, हिसका नाही, तरी खाली. खांद्याला बसणाऱ्या तडाख्याची धास्ती शरीर आधीच घेत होतं, डोळेही मिटत होते. अडुसष्ट वर्षांचे काकाजी स्वतःशीच हसले. "म्हंजे म्याच हालतो." ही हलकी गोळी होती. पिशवीतली मॅग्नमच्या वळणाची असती तर खांदा आणखी शिकला असता, उलटा धडा.

त्या दिवशी एकही गोळी जास्त उडवली नाही. रिकाम्या काडतुसावर तासभर घोडा ओढत बसलो, नळी हलायची थांबेपर्यंत. नळीच्या टोकाशी पितळेची एक माशी, म्हणजे नेम धरायचा मणी, आहे, मागे काहीच नाही. मग गाल दस्त्याला प्रत्येक वेळी त्याच जागी लागला पाहिजे, गाल हीच मागची माशी. दस्त्यावर त्या जागी मी चिकटपट्टीचा तुकडा लावून दिला.

वावरात

निम्मं काम अजून बाकी होतं, आणि माझ्या मते तेच मोठं. एलजीचा छर्रा चुकला तर काहीशे मीटरांत दमतो. गोळी डुकरातून आरपार जाऊनही पुढं माणूस मारू शकते. आमच्याकडे या दिवसांत वावरावावरात जागल असते. माळ्यावर कोणी झोपलेलं, कोणी शेकोटीशी, कोणी टॉर्च घेऊन धुऱ्यानं फिरणारं. काहींनी कुंपणाला करंट सोडलेला, तो वेगळाच गुन्हा आणि वेगळंच मरण.

कागदावर उतार काढला. माणूस धुऱ्यावर उभा, बंदूक जमिनीपासून १.४ मीटर उंच, डुक्कर ३० मीटरवर, नेम ४० सेंटिमीटर उंचीवर. आरपार गेलेली गोळी सपाट जमिनीवर आणखी १२ मीटर पुढं टेकते. पाठीवरून चुकून गेली, म्हणजे ९० सेंटिमीटर उंचीवरून, तर ५४ मीटर. आणि इतक्या तिरप्या कोनात टेकलेली गोळी जमिनीत रुततेच असं नाही, उसळून पुढं जाते. आता बारा फुटांच्या मचाणीवर बसलं, बंदूक जमिनीपासून ४.३ मीटर. नेमकी लागलेली गोळी डुकरामागे ३ मीटरवर जमिनीत, पाठीवरून चुकलेली ८ मीटरवर. काकाजी शाळा सातवीपर्यंत शिकलेले, पण ही आकृती त्यांना माझ्या कित्येक विद्यार्थ्यांपेक्षा लवकर कळली.

मचाण कुठं बांधायची, याचं उत्तर त्यातून आलं. डुकरं जिथं जास्त येतात तो दक्षिणेचा धुरा सोडला, तिकडे मागे मोकळी वावरं. नाल्याकडच्या बेहड्यावर मचाण बांधली. समोर तुरीचा कोपरा, त्यामागे नाल्याची माणसाहून उंच मातीची दरड. तिथून २५ आणि ३५ मीटरवर दोन काठ्या रोवल्या, वर पांढरं फडकं. लांबच्या काठीपलीकडे घोड्याला बोट लावायचं नाही. वेळ ठरवली ती पहाटेची, डुकरं परत नाल्याकडे निघतात तेव्हाची. चांगलं दिसायला लागल्यावर, दिवस पुढं असताना. म्हणजे जखमी झालंच तर मागावर जायला अख्खा दिवस, रात्रीच्या तुरीत वाघाशी गाठ पडायची भानगड नको.

भरायचं काय? उजव्या नळीत गोळी, पुढचा घोडा तिचा. डाव्या फुल चोकमध्ये ६५ची एलजी. सात-आठ मीटरवर एलजी अजून पसरलेली नसते, सहाही छर्रे जवळजवळ एकगठ्ठा बसतात. अंगावर आलेल्या डुकरासाठी ती पुरते. गोळ्या सदऱ्याच्या उजव्या खिशात, एलजी डाव्या. पिशवीतली ७०ची पाच काडतुसं दुकानदाराला परत, परवान्यावर नोंद करून.

वनरक्षकाला आणि ठाण्यात कळवलं. आजूबाजूच्या नऊ वावरवाल्यांना काकाजींनी स्वतः सांगितलं, सकाळी सातपर्यंत नाल्याच्या अंगाला येऊ नका म्हणून. गेल्या वर्षीच्या त्या माणसाकडे ते सगळ्यात आधी गेले.

पहिली पहाट, काही नाही. दुसऱ्या पहाटे कळप आला, पण मादीमागं आठ-दहा पट्टेरी पिल्लं. काकाजींनी बंदूक आडवी ठेवली. तिसऱ्या दिवशी धुकं. चौथ्या पहाटे सव्वासहाच्या पुढं एकटा नर तुरीतून निघाला, काळाकभिन्न, पाठीवरची आयाळ ओली. जवळच्या काठीशी थांबून त्यानं नाक वर केलं. पुढचा पाय एक पाऊल पुढं पडला आणि कोपराच्या मागची जागा उघडी झाली. मी मचाणीवर मागे बसलो होतो, मला काकाजींचा गाल चिकटपट्टीवर टेकलेला दिसला.

एकच आवाज. डुक्कर जागच्या जागी बसलं नाही. दुकानदार म्हणाला होता तसं क्वचितच होतं. ते सरळ धावलं, वीसेक मीटर, आणि दरडीच्या पायथ्याशी तोंडावर पडलं. काकाजी लगेच उतरायला निघाले, मी दंड धरला. अर्धा तास बसून राहिलो. मग मागून, वरच्या अंगानं, डाव्या नळीवर बोट ठेवून गेलो. गोळी कोपरामागून शिरून पलीकडच्या फासळ्यांतून निघाली होती. डुक्कर उभं होतं तिथून तीन-साडेतीन मीटरवर मातीत कुदळीनं उकरलं तेव्हा सापडली, तोंड चपटं, बूच अजून स्क्रूला लटकलेलं. वनखात्याची माणसं नऊला आली, पंचनामा झाला, डुक्कर ती घेऊन गेली. ते सरकारी मालमत्ता असतं, त्याच्या मांसावर कोणाचा हक्क नाही. गावात दोघातिघांना हे पटलं नाही.

आठवड्यानं काकाजींचा फोन आला. कळप पुन्हा आला होता, या वेळी दक्षिणेच्या धुऱ्यानं, अर्धी सरी हरभरा उकरून गेला.

"सर, मचाण तिकडं हालवली तर?"

"तिकडं मागं काय आहे, काकाजी?"

थोडा वेळ फोनवर नुसते रातकिडे ऐकू आले. "वावरं आहेत. त्याची झोपडी आहे." मग म्हणाले, "राहू द्या मंग. तिकडं डबे बांधतो."

रात्री उशिरा आमच्या अंगणातूनही तो टिनाचा आवाज येत होता.